गृहनिर्माण संस्थेच्या स्मरणिकेसाठी उपरोधिक शब्दकोश : व्याख्या जमली असे केव्हा म्हणावे?

स्मरणिकावाले

आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची गणेशोत्सवात दरवर्षी एक स्मरणिका निघते. तिच्यात या वर्षी चार पानांचा उपरोधिक शब्दकोश छापावा असे संपादक मंडळाने ठरविले असून, मंडळाच्या बैठकांना मीच तेवढा न चुकता हजर असल्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडले आहे. मजकूर मागविणारी सूचना फलकावर लावल्यावर व्याख्यांचा पाऊस पडला; परंतु त्यांतील बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरून वर्षानुवर्षे फिरणाऱ्या होत्या. पत्नी, सासू, साहेब, डॉक्टर आणि वकील यांपलीकडे त्यांची धाव नव्हती, आणि ‘लग्न म्हणजे जन्मठेप’ ही व्याख्या तर एकाहून अधिक सभासदांनी स्वतःची म्हणून सहीनिशी दिली.

मला हवे आहेत ते रोजच्या वापरातले, सूचनाफलकावर वाचायला मिळणारे आणि जिन्यात कानांवर पडणारे शब्द. मी स्वतः तयार केलेल्या काही नोंदी अशा आहेत :

बैठक : वेळ वाया घालविण्याचे साधन.
मानद सचिव : खुर्ची सोडण्यास तयार नसलेला मनुष्य.
गळती : वरच्यांकडून खालच्यांना मिळणारे पाणी.
सुरक्षारक्षक : पगारी झोप घेणारा इसम.
देखभाल शुल्क : जे भरूनही देखभाल होत नाही ते शुल्क.

या नोंदी वाचून घरची मंडळी हसली, पण घरच्यांचे हसणे मी पुरावा म्हणून धरत नाही. यांत काहीतरी कमी पडते हे जाणवते. नेमके काय, हे सांगता येत नाही. उपरोधिक व्याख्या आणि नुसता टोमणा यांत फरक कोणता, व्याख्या घडवावी कशी आणि शब्द कोणते घ्यावेत, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे. नमुन्याच्या नोंदी दिल्यास त्या टोपणनावासह छापू. मानधन म्हणून स्मरणिकेची एक प्रत मिळेल, मात्र ती संस्थेच्या कार्यालयात स्वतः येऊन, रजिस्टरवर सही करून न्यावी लागेल.

न्यायपंथी

आपल्या नोंदी फसल्या आहेत त्या निरनिराळ्या कारणांनी फसल्या आहेत, म्हणून त्या सगळ्यांवर एकच औषध चालणार नाही. न्यायशास्त्रात व्याख्येला लक्षण म्हणतात आणि लक्षणाचे तीन दोष सांगतात : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाने आपल्याच तर्कसंग्रहावर जी दीपिका लिहिली, तिच्यात यासाठी गाईचे उदाहरण दिले आहे. ‘जी कपिल वर्णाची ती गाय’ असे म्हटले तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘जिला शिंगे आहेत ती गाय’ असे म्हटले तर म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. ‘जिचा खूर एकसंध आहे ती गाय’ असे म्हटले तर एकही गाय हाती लागत नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो, हा असंभव. ‘जिच्या गळ्याखाली सास्ना, म्हणजे लोंबती कातडी, आहे ती गाय’ हे लक्षण मात्र तिन्ही दोषांतून सुटते.

विनोदाच्या सदरात हे पांडित्य कशाला, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, उपरोधिक व्याख्येला हसू येते ते ती चपखल बसते म्हणून. ती कडवट असते म्हणून नव्हे. आपली ‘बैठक’ पाहा. वेळ वाया घालविण्याचे साधन मोबाइलही आहे, कॅरमही आहे आणि पत्रिका जुळविणेही आहे, म्हणून ही उघड अतिव्याप्ती झाली. ‘सुरक्षारक्षक’ ही अव्याप्ती आहे, कारण रात्रभर जागणारे सुरक्षारक्षक मी पाहिलेले आहेत. ‘मानद सचिव’ तर शुद्ध असंभव आहे. पगार नाही, शिव्या मात्र पाण्याच्या टाकीपासून गच्चीच्या किल्लीपर्यंत सगळ्यांच्या. असे पद सोडायला नाखूश असलेला सचिव कोणत्या संस्थेत आढळतो? प्रत्यक्ष जे दिसते ते मांडायचे तर व्याख्या अशी होईल :

मानद सचिव : ज्याच्या कारभारावर दरवर्षी बहुमताने नाराजी व्यक्त होते व ज्याचा राजीनामा दरवर्षी एकमताने फेटाळला जातो, असा सभासद.

आता आपल्या परंपरेतील एक अस्सल नमुना घ्या. जावयाला दहावा ग्रह म्हणतात हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु मूळ सुभाषित मुद्दाम सबंध वाचावे : ‘सदा वक्रः सदा क्रूरः सदा पूजामपेक्षते । कन्याराशिस्थितो नित्यं जामाता दशमो ग्रहः ॥’ येथे कवीने जावयाला आधी एका प्रतिष्ठित जातीत, म्हणजे ग्रहांत, नेऊन बसविले आहे आणि मग इतर नवांपासून त्याला वेगळे करणारा धर्म सांगितला आहे. बाकीच्यांपैकी मंगळ, शनी यांसारखे ग्रह कधी वक्री तर कधी मार्गी असतात, सगळेच ग्रह शांत केली की शांत होतात आणि मुदत संपली की रास बदलतात; हा एकटाच ‘सदा’ आणि ‘नित्य’ आहे. सगळी गंमत त्या दोन अव्ययांत आहे. कवी जावयावर चिडलेला दिसत नाही, तो ज्योतिषी असल्यासारखा गंभीरपणे बोलतो.

तेव्हा शब्दाला आधी त्याच्या योग्य वर्गात सभ्यपणे बसवावे, मग त्याची अशी एकच खूण सांगावी की ती दुसऱ्या कशालाही लागू पडू नये, आणि चिडलेली विशेषणे काढून टाकावीत. कोशकार कधी रागावत नाही.

आत्याबाई_मिरज

न्यायपंथी सरांचे म्हणणे मान्य असले तरी, त्यांच्या तीन दोषांत मी एका चौथ्याची भर घालते : ज्या व्याख्येसाठी आधी गाय समजून घ्यावी लागते, ती स्मरणिकेत छापू नये.

माझी सूचना निराळीच आहे. आपण केवळ नामांच्या मागे का लागता? आपल्याकडे खरा खजिना आहे तो ठराविक वाक्यांत, जी बोलणारा एका अर्थाने बोलतो, ऐकणारा दुसऱ्या अर्थाने घेतो आणि दोघांनाही दोन्ही अर्थ ठाऊक असतात. अशा काही नोंदी देते.

‘निघालोच आहे’ : आंघोळीला जाण्यापूर्वी फोनवर उच्चारावयाचे वाक्य. ‘आलोच’ हे त्याचे पुढचे रूप असून ते चपला शोधताना वापरतात.

‘या ना एकदा घरी’ : ज्यात वार, वेळ व पत्ता यांपैकी काहीही नसते असे आमंत्रण. निरोप घेताना, रिक्षा सुरू झाल्यावर दिल्यास अधिक परिणामकारक ठरते.

‘बघू या’ : नकाराचा असा प्रकार, की ज्याने मागणाऱ्याला आशा आणि देणाऱ्याला पळवाट मिळते. घरातील लहान मुलांना याचा खरा अर्थ वयाच्या चौथ्या वर्षीच समजलेला असतो.

‘अर्धीच वाढा’ : दोन पोळ्यांची प्रस्तावना. वाढणाऱ्या व्यक्तीने यातील ‘अर्धी’ हा शब्द ऐकू नये असा संकेत आहे. तो ऐकून खरोखरच अर्धी वाढल्यास त्या घराची कीर्ती नात्यात पुढील लग्नसराईपर्यंत टिकते.

‘काही आणू नका हं’ : रिकाम्या हाताने येणारी माणसे ओळखून ठेवण्यासाठी यजमानांनी योजलेली परीक्षा.

‘कृपया आहेर आणू नये’ : लग्नपत्रिकेच्या तळाशी छापावयाची विनंती. तिच्या पालनावर देखरेख करण्यासाठी वधूपित्याचा भाचा मांडवाच्या दाराशी वही, पेन आणि पाकिटांची पिशवी घेऊन बसलेला असतो.

यांत शिवी नाही, नवराबायको नाहीत आणि कोणाचा व्यवसायही नाही. तरीही वाचणाऱ्याला कोणीतरी चोरी पकडल्यासारखे वाटले पाहिजे, एवढीच माझी कसोटी आहे. स्मरणिकेत अशा वाक्यांसाठी एक वेगळे पान ठेवावे असे मला वाटते. आपण प्रत स्वतः येऊन नेण्यास सांगितले आहे. मिरजेहून तेवढ्यासाठी येणे जमेल असे वाटत नाही, पण ‘बघू या’.

आवकजावक

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. आमच्या खात्यातील शब्दांना उपरोध वेगळा घालावा लागत नाही. त्यांची अधिकृत व्याख्या आणि प्रत्यक्ष व्यवहार शेजारी शेजारी ठेवले की काम भागते.

आणेवारीचेच घ्या. आणे केव्हाच गेले, आता तिला पैसेवारी म्हणतात, पण गावात शब्द आणेवारीच चालतो. शासकीय अर्थाने तो गावातील पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज आहे, तो निवडक शेतांतील पीक कापणी प्रयोगांवरून काढावयाचा असतो आणि तो ५० पैशांच्या खाली आला तर गावाला टंचाईच्या सवलती मिळण्याची वाट मोकळी होते. आता कोशातली नोंद : ‘आणेवारी : एकाच शेतात ४९ ला दुष्काळ व ५१ ला सुबत्ता उत्पन्न करणारे पीक. हे पीक कागदावर येते व त्यास पाऊस लागत नाही.’ मी यात काहीही वाढवून सांगितलेले नाही. असा शब्द सापडला की लेखकाने फार हुशारी दाखवू नये.

तसाच ‘पोटखराबा’. गट नंबरातील लागवडीस अयोग्य, म्हणून आकारणीतून वगळलेले क्षेत्र, असा त्याचा सरळ अर्थ आहे. सातबाऱ्यावर तो वेगळा दाखविलेला असतो. माझी नोंद : ‘जमिनीचा असा भाग, की ज्यात धान्य येत नाही परंतु भावकीचे भांडण बारमाही येते.’

कचेरीतील शेरे हा एक स्वतंत्र विभाग होऊ शकेल. ‘उचित कार्यवाहीस्तव’ म्हणजे कागद आपल्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर जाताना म्हणावयाचा मंत्र. ‘माहितीस्तव सविनय सादर’ म्हणजे पुढे काही बिघडल्यास साहेबांनाही ठाऊक होते, हे सिद्ध करण्यासाठी केलेली तरतूद. ‘नस्तीबद्ध करावे’ (नस्ती म्हणजे फाइल) म्हणजे कागदाला सन्मानपूर्वक दिलेली समाधी. फरक इतकाच की माहिती अधिकाराचा अर्ज आला की ती उकरावी लागते.

आणि ज्याला आम्ही बोलताना दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, तो बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम. त्यात म्हटले आहे की, सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या ७ दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये. त्यावरून :

सात दिवस : नस्ती एका टेबलावर राहण्याची कमाल मुदत. टेबलांची संख्या कायद्याने निश्चित केलेली नाही.

आपल्या संस्थेतही अशी भाषा असणारच. सभेची सूचना काढून पाहा. शेवटचा परिच्छेद बहुधा असा असेल (गणसंख्या म्हणजे सभेसाठी आवश्यक असलेली किमान उपस्थिती) : ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही.’ हे वाक्य उपरोधिक म्हणून कोणा लेखकाने लिहिले असते, तर आपण त्याला अतिशयोक्ती केली म्हणून नावे ठेवली असती.

तिसरा_मजला

एका गोष्टीकडे कोणी लक्ष वेधले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. ‘पगारी झोप घेणारा इसम’ ही नोंद न्यायपंथी सरांनी अव्याप्ती म्हणून बाद केली. मी ती वेगळ्या कारणाने बाद करीन. बारा बारा तासांची पाळी करणाऱ्या, स्मरणिकेत ज्याला उत्तर लिहिता येणार नाही अशा माणसावर हसण्यात कोणती मर्दुमकी आहे? बाण वर मारावा, नाहीतर स्वतःकडे वळवावा. ती नोंद अशी फिरवून पाहा :

सुरक्षारक्षक : सभासदांनी ज्याला वर्षानुवर्षे नाव विचारलेले नसते, परंतु ज्याने सभासदांच्या पाहुण्याला नाव विचारल्यास त्याच दिवशी लेखी तक्रार होते, असा कर्मचारी.

स्वतःकडे वळविण्याचा विषय निघाला आहे तर सॅम्युअल जॉन्सनची आठवण काढायला हवी. लंडनमध्ये १७५५ साली निघालेल्या त्याच्या इंग्रजी कोशात हजारो गंभीर नोंदींमध्ये काही टोचणाऱ्या नोंदी पेरलेल्या आहेत. जे धान्य इंग्लंडमध्ये बहुधा घोड्यांना घालतात पण स्कॉटलंडमध्ये माणसांना पोसते, ते ओट, अशी त्याची एक नोंद प्रसिद्ध आहे. निवृत्तिवेतनाच्या, म्हणजे सरकारकडून मिळणाऱ्या तनख्याच्या, नोंदीत त्याने लिहिले की, इंग्लंडमध्ये याचा अर्थ सरकारच्या भाडोत्री माणसाला देशद्रोहासाठी दिलेला पगार असा घेतला जातो. पुढे १७६२ साली राजाने त्यालाच वर्षाला ३०० पौंडांचा तनखा देऊ केला आणि त्याने तो घेतला. विरोधकांनी त्याचीच व्याख्या त्याच्या तोंडावर फेकली, हे सांगायला नको. तरीही वाचकांनी त्याला जवळचे मानले, याचे एक कारण मला असे दिसते की, त्याच कोशात ‘कोशकार’ या शब्दापुढे त्याने ‘निरुपद्रवी हमाल’ अशा अर्थाचे शब्द लिहून ठेवले होते. स्मरणिकावाल्यांनी ‘संपादक’ आणि ‘स्मरणिका’ या दोन नोंदी आधी लिहाव्यात. मग खजिनदाराकडे वळावे.

काळा_कोट

वकिलांची नोंद गाळली जाणार आहे असे वाचून बरे वाटले, म्हणून फी न घेता लिहितो.

व्याख्यांचा सर्वांत मोठा कारखाना म्हणजे विधिमंडळ, आणि तेथे कोणीही हसत नाही, ही त्याची खरी ताकद आहे. एक उदाहरण देतो. ‘सद्भावपूर्वक’ या शब्दाची व्याख्या १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमात अशी आहे की, एखादी गोष्ट प्रत्यक्षात प्रामाणिकपणे केली असेल तर ती, निष्काळजीपणे केलेली असो वा नसो, सद्भावपूर्वक केली असे मानावे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत मात्र, योग्य दक्षता व काळजी न घेता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावपूर्वक केली असे म्हणता येत नसे, आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही तीच भूमिका ठेवली आहे. म्हणजे प्रामाणिक पण वेंधळा मनुष्य एका कायद्याच्या दारातून सद्भावासह आत जातो आणि दुसऱ्याच्या दारातून त्याच कृत्यासाठी सद्भावाविना बाहेर पडतो. दोन्ही व्याख्या पूर्ण गांभीर्याने लिहिलेल्या आहेत आणि दोन्हींना आपापल्या जागी कारणही आहे. केवळ एकाखाली एक छापल्या की त्या आपोआप आपल्या स्मरणिकेच्या होतात.

कायद्यातील व्याख्येचे दोन साचे आहेत, ते आपल्याला उपयोगी पडतील. पहिल्यात ‘याचा अर्थ अमुक असा आहे’ असे म्हणून दार बंद करतात. दुसऱ्यात ‘यामध्ये अमुकचा समावेश होतो’ असे म्हणून दार उघडे ठेवतात. खरी चेष्टा दुसऱ्यात लपते, कारण तेथे शब्दाच्या घरी अनाहूत माणसे राहायला येतात. पाहा :

पाहुणा : याचा अर्थ, सभासदाकडे तात्पुरती आलेली व्यक्ती, असा आहे; आणि, वाहनतळाच्या प्रयोजनार्थ, यामध्ये समिती सदस्याच्या दुसऱ्या मोटारीचा समावेश होतो.

पहिल्या साच्यासाठी चटई क्षेत्र हा शब्द घ्यावा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने त्याची व्याख्या इतकी बारकाईने केली आहे की, बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे शाफ्ट, त्या सदनिकेपुरती असलेली बाल्कनी व उघडी गच्ची वगळावयाची आणि आतल्या विभाजक भिंती धरावयाच्या. ती अशी करावी लागली याचे कारण त्याआधी बाजारात चालणारे ‘सुपर बिल्टअप’, ज्याची माझी नोंद पुढीलप्रमाणे आहे : ‘जिना, लिफ्ट, प्रवेशदालन व विकासकाची कल्पनाशक्ती यांतील ग्राहकाचा हिस्सा, जो घरात मोजता येत नाही, परंतु गृहकर्जाच्या हप्त्यात अचूक मोजला जातो.’

एक सावधगिरीची सूचना. नोंदीत ‘बी विंगमधील माजी खजिनदार’ असे काही लिहू नका. बदनामीच्या फौजदारी तरतुदीत, जी आता न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, नुसते खरे असणे पुरेसे ठरत नाही; ते सार्वजनिक हितासाठी छापले होते हेही दाखवावे लागते. व्याख्या पदाची करावी, माणसाची करू नये. विनोदाच्या दृष्टीनेही तेच बरे, कारण माणूस एकाच इमारतीत राहतो आणि पद प्रत्येक इमारतीत असते.

स्मरणिकावाले

सर्वांचे मनापासून आभार. आवकजावक साहेबांनी सांगितल्याप्रमाणे गेल्या वर्षीच्या सभेची सूचना काढली. वाक्य अक्षरशः तेच निघाले, आणि त्याखाली सचिवांनी ‘सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे’ असेही लिहिले होते. सगळ्या नोंदी पुन्हा लिहून काढल्या. त्या पुन्हा तपासाव्यात ही विनंती.

वार्षिक सर्वसाधारण सभा : गणसंख्येअभावी तहकूब करून, अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच माणसांत, गणसंख्येची अट काढून पुन्हा भरविली जाणारी सभा. मधल्या अर्ध्या तासात वडे व चहा देण्याची प्रथा आहे.

मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय : ज्यासाठी सर्व सभासद खरोखर सभेला आलेले असतात, परंतु जो कार्यक्रमपत्रिकेवर छापण्याचे धैर्य कोणालाही नसते, असा विषय.

इतिवृत्त : सभेत जे व्हावयास हवे होते त्याचे, सचिवांनी दुसऱ्या दिवशी घरी शांतपणे बसून केलेले वर्णन. ‘सविस्तर चर्चेअंती’ हा शब्दप्रयोग यात आढळल्यास तेथे भांडण झाले असे समजावे.

गळती : खालच्या मजल्याच्या मते वरच्याचा, वरच्या मजल्याच्या मते गच्चीचा, व समितीच्या मते पावसाचा दोष. ऑक्टोबरनंतर हिचे अस्तित्व कोणीही मान्य करीत नाही.

देखभाल शुल्क : जे थकविणारा सभासदच देखभालीविषयी सर्वाधिक बोलतो, असे मासिक शुल्क.

पुनर्विकास : सर्व सभासदांची संमती मिळेपर्यंत इमारत आपणहून पडणार नाही, अशी श्रद्धा.

संपादक : बैठकीला हजर राहिल्याची शिक्षा भोगणारा सभासद.

स्मरणिका : जाहिरातींच्या मधल्या मोकळ्या जागेत मजकूर छापलेले पुस्तक. आपले नाव चुकीचे छापले आहे की नाही, एवढे पाहण्यासाठी हे उघडले जाते.

‘बैठक’ मी काढून टाकली. सुरक्षारक्षकाची नोंद तिसरा मजला यांची घेतली. आत्याबाईंसाठी स्वतंत्र पान ठेवले असून, त्यांची प्रत टपालाने पाठविण्यास समितीची मंजुरी मागितली आहे. तो विषय पुढील बैठकीत येईल.

आता एक व्यावहारिक अडचण. मांडणी वर्णानुक्रमे करीत असून प्रत्येक अक्षराला शीर्षक देण्याची कल्पना चित्रकार मुलांना फार आवडली आहे आणि त्यांनी सगळी अक्षरे आधीच रंगवून ठेवली आहेत. परंतु ण आणि ळ या अक्षरांनी सुरू होणारा शब्द मिळत नाही. रंगविलेली अक्षरे वगळावीत, तर मुले नाराज होतील. या दोन शीर्षकांखाली काय छापावे?

न्यायपंथी

‘पुनर्विकास’ निर्दोष आहे. श्रद्धा ही जात आणि ‘सर्व सभासदांची संमती’ हा विभेदक धर्म, दोन्ही जागच्या जागी बसले आहेत. ‘गळती’ची पहिली नोंद मला अधिक आवडली होती, कारण ‘मिळणारे पाणी’ यात देणगीचा भाव होता. दोन्ही एकत्र करता आल्या तर पाहावे. ‘संपादक’ या नोंदीत अतिव्याप्ती आहे, कारण बैठकीला हजर राहिल्याची शिक्षा सहलीचा संयोजकही भोगतो. ‘ज्याच्याकडे मजकूर अंतिम मुदतीनंतर व सूचना छपाईनंतर येतात’ एवढे जोडले तर संयोजक बाहेर जाईल.

आत्याबाई_मिरज

माझ्या टपालखर्चाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. आयत्या वेळी नको.

आवकजावक

ण आणि ळ यांविषयी. नोकरीत दरमहा अशी कितीतरी विवरणपत्रे भरली, की ज्यांत कळविण्यासारखे काहीच नसे, पण रकाना कोरा सोडलेला वरच्या कार्यालयाला चालत नसे. दोन्ही अक्षरांखाली पुढील मजकूर छापावा आणि खाली सचिवांचा गोल शिक्का उमटवावा : ‘या अक्षराची माहिती निरंक असून ती माहितीस्तव सविनय सादर.’